आत्याला विचारा

दरवर्षी १ जून उजाडला की फेसबुकची दमछाक होते. सकाळपासून वाढदिवसांची रांग लागलेली. निवृत्त तलाठी, माजी सरपंच, एसटीतले कंडक्टर, पतसंस्थेचे संचालक, कीर्तनकार, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. कॅलिफोर्नियात बसलेल्या एखाद्या इंजिनियरला वाटत असेल, महाराष्ट्रात ऐन पावसाळ्यात काहीतरी विशेष घडत असणार. घडलेलं असतं ते शाळेत. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप टोपी सरकवून डोकं खाजवायचा, आणि पोराचं वय प्रवेशात बसेल अशा बेतानं गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. खेड्यापाड्यांतली पिढीच्या पिढी अशी शाळेच्या सोयीनं जन्माला आली. पुढे ती तारीख दाखल्यावर चढली, दाखल्यावरून आधारवर आणि तिथून फेसबुकवर. यंत्र बिचारं एकनिष्ठ. एकदा सांगितलेली तारीख ते माणूस मरेपर्यंत विसरत नाही. मेल्यावरही विसरत नाही. गेलेल्या माणसाला शुभेच्छा द्या म्हणून दरवर्षी आठवण करून देतं, आणि चारदोन जण 'शतायुषी व्हा' म्हणून देतातही.

याच्या उलट आमची आत्या. तिला एकाही माणसाची जन्मतारीख ठाऊक नाही आणि प्रत्येकाचा जन्म ठाऊक आहे. "तुझा बाप होय? पानशेत फुटलं त्या सालच्या पोळ्याचा. बैलांची शिंगं रंगवून झाली होती आणि सुईण येईना." "तुझा धाकटा काका कोयनेच्या भूकंपानंतरचा. आई पोटुशी आणि आम्ही सगळे थंडीत अंगणात निजलेलो." "ती बहात्तरच्या दुष्काळातली, म्हणून अशी किडकिडीत." पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, या तारखा मला शोधाव्या लागल्या. आत्याला तारीख लागतच नाही. तिच्याकडे बैल आहेत, सुईण आहे, अंगणातली थंडी आहे. वडिलांना फेसबुक १ जूनला शुभेच्छा देतं आणि आत्या पोळ्याला. वडील दोन्हीकडे 'धन्यवाद' म्हणतात, पण पुरणपोळी पोळ्यालाच मिळते.

'मोबाइलनं माणसाची स्मरणशक्ती खाल्ली' हे वाक्य हल्ली माणसं मोबाइलवरच टाइप करून एकमेकांना पाठवतात. तक्रार मात्र मोबाइलपेक्षा फार म्हणजे फारच जुनी आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' नावाच्या संवादात सॉक्रेटिस इजिप्तची एक गोष्ट सांगतो. थ्यूथ नावाच्या देवानं आकडे, भूमिती, खगोलशास्त्र, शिवाय सोंगट्या आणि फासे असा बराच माल शोधून काढला होता. शेवटी त्यानं लिपी काढली आणि थामस राजापुढे ठेवून म्हणाला, हिनं प्रजेची स्मृती वाढेल. राजा म्हणाला, उलट होईल. लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आतून आठवायचं सोडून देतील. शहाणे न होता शहाणे दिसतील. (फाशांबद्दल राजाचं काय मत पडलं ते प्लेटो सांगत नाही. आपल्याला महाभारतावरून अंदाज आहे.) सॉक्रेटिसनं स्वतः काही लिहून ठेवलं नाही. लिहिण्याविरुद्धची ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोनं लिहून ठेवली म्हणून.

आपल्याकडेही कागदाकडे असंच तिरक्या नजरेनं पाहिलं जाई. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार दिले आहेत: गाणं म्हटल्यासारखं म्हणणारा, घाईघाईनं उरकणारा, मान डोलावणारा, लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न कळणारा आणि आवाज खोल गेलेला. आजचे बहुतेक वक्ते यातल्या किमान चार कलमांखाली एकदम अडकतील. वेद पाठ करणाऱ्यांनी मात्र नुसत्या घोकंपट्टीवर भिस्त ठेवली नव्हती. घनपाठात दोन शब्द सरळ, तेच दोन उलट, मग तीन सरळ, तीन उलट, पुन्हा तीन सरळ असं म्हणत पुढे सरकायचं. एखादी मात्रा इकडची तिकडे झाली की घोटाळा तिथल्या तिथे उघडा पडावा, अशी ती बांधणी. हेही तंत्रज्ञानच होतं, फक्त त्याला वीज लागत नव्हती आणि चार्जर घरी राहत नव्हता. मात्र पाठांतराचं कौतुक करताना हेही ध्यानात ठेवावं की ते कुणी करायचं आणि कुणाच्या कानावर पडू द्यायचं नाही, याचे नियम पाठांतराइतकेच कडक होते. समोर कोण बसलंय हे कागदाला कळत नाही. म्हणून तर आत्याच्या आजीला जे ऐकायचीही बंदी होती, ते आत्या चष्मा लावून, शेंगा सोलत वाचते.

स्मरणशक्तीच्या खुनाचे आरोप बऱ्याचदा चुकीच्या माणसावर होतात, असं माझं मत आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं आमच्या आजोबांना पाठ होतं आणि आम्हाला येत नाही, याचं खापर कॅल्क्युलेटरवर फुटतं. तो बिचारा घरोघर पोचला तेव्हा पावकी आधीच आजारी होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, असं जिथे सगळंच पावाअर्ध्यात चाले ते जग दशमानात विरघळलं. सतराची औटकी साडेएकोणसाठ हे झोपेत सांगणाऱ्या वाण्याला उठवायला कुणी येईनासं झालं. माणूस विसरतो त्याआधी बरेचदा विचारणारं गिऱ्हाईक गेलेलं असतं.

आत्याचं नेमकं हेच होत चाललंय. तिची आठवण टणक आहे. विचारणारे घटले.

आता यात थोडं शास्त्र आणतो, कारण त्याशिवाय वाचकांना आत्या पटायची नाही. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली अशी कल्पना मांडली की एकत्र राहणारी माणसं आठवणी वाटून घेतात. विम्याचा हप्ता त्यानं लक्षात ठेवायचा, भाच्याचं बारसं तिनं. दोघांनी सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही. कोणती गोष्ट कुणाला ठाऊक आहे, एवढं ठाऊक असलं की पुरे. पुढे १९९१ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रेमात पडलेल्या जोड्या आणि एकमेकांना अनोळखी असलेल्यांच्या जोड्या घेऊन प्रयोग केला. मोकळं सोडलं तेव्हा प्रेमिकांच्या जोड्यांना मिळून जास्त आठवलं. पण 'हे विषय तू लक्षात ठेव, ते तू' अशी वाटणी प्रयोग करणाऱ्यांनी वरून लादली, तेव्हा त्याच जोड्या अनोळखी लोकांच्याही मागे पडल्या. एकत्र कुटुंबात, सासूबाईंच्या हाताखाली संसार केलेल्या कुणाही बाईला विचारलं असतं तर या प्रयोगाचा खर्च वाचला असता.

२०११ साली 'सायन्स'मध्ये बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि हेच वेग्नर यांचा गाजलेला निबंध आला. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, अशा प्रकारची फुटकळ माहिती लोकांना संगणकात टाइप करायला लावली. ती साठवली जाणार आहे असं ज्यांना सांगितलं त्यांना ती कमी आठवली. पुसली जाणार आहे असं सांगितलेल्यांना जास्त. एका प्रयोगात तर मजकुरापेक्षा तो कुठल्या फोल्डरात ठेवलाय हेच लोकांच्या जास्त लक्षात राहिलं. (या निबंधातला दुसराच एक प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा निकाल तसा आला नाही, म्हणून सगळंच ब्रह्मवाक्य समजू नये.) थोडक्यात, संगणक आपल्या संसारातला तिसरा झाला. विम्याचा हप्ता त्याच्याकडे, भाच्याचं बारसंही त्याच्याकडे. मग त्या दोघांनी एकमेकांना विचारायचं काय, हा प्रश्न निबंधात नाही. तो रात्री जेवणाच्या टेबलावर पडतो.

तत्त्वज्ञ याहून धीट असतात. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ साली 'द एक्स्टेंडेड माइंड' नावाचा निबंध लिहिला. त्यात ओटो नावाचा एक काल्पनिक गृहस्थ आहे. त्याला अल्झायमर आहे, म्हणून तो सगळं वहीत टिपतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला जायचं ठरलं की वही उघडतो, ५३ व्या रस्त्यावर आहे असं वाचतो आणि निघतो. इंगा नावाची बाई तेच डोक्यातून आठवते आणि निघते. मग जी वही सदैव हाताशी असते आणि जिच्यावर ओटो डोळे मिटून विसंबतो, ती त्याच्या मनाचाच भाग का समजू नये, असा त्यांचा सवाल.

मराठी स्वयंपाकघरात हा सवाल कधीच निकालात निघालाय. १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू झालं तेव्हापासून आमच्या मनाचा बराच मोठा हिस्सा फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. एकादशी, संकष्टी, चंद्रोदय हा छापील भाग झाला. खरी माहिती चौकोनांच्या कोपऱ्यांत: 'गॅस लावला', 'दूध १ जादा', 'बाई नाही', 'बाई नाही', 'बाई आली, ५०० उचल', 'इस्त्री ११', आणि एक फोन नंबर, ज्याच्यापुढे नाव नाही आणि जो खोडायची कुणाची छाती होत नाही. ओटोच्या वहीत एकट्या ओटोचं अक्षर होतं. इथे चार अक्षरं असतात, आणि 'बाई नाही'च्या पुढे दुसऱ्या कुणीतरी 'होती' असं लिहिलेलं असतं.

त्याच निबंधाच्या शेवटी शेवटी क्लार्क आणि चाल्मर्स विचारतात की दुसरं माणूसही आपल्या मनाचा भाग असू शकेल का. उदाहरण देतात नेहमीच्या हॉटेलातल्या वेटरचं, जो तुमची आवड तुमच्या वतीनं सांभाळतो. म्हणजे पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वेटरपर्यंत आलं. आत्यापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागणार नाही.

पण एक गोष्ट या मंडळींच्या हिशेबात नीट येत नाही, ती म्हणजे विचारण्याची किंमत. वही उघडली की उत्तर मिळतं. आत्याला विचारलं की आधी "आता बरी आठवण झाली" मिळतं. मग चहा. मग मागच्या वेळी तिच्या वाईवरून परस्पर महाबळेश्वरला गेलात ते पोरीनं स्टेटसला ठेवलेलं तिनं पाहिलंय, हे कळतं. मग कुणाचा गुडघा, कुणाची सोडचिठ्ठी, आणि या सगळ्याच्या टोकाला उत्तर. गेल्या चंपाषष्ठीच्या आधी बायको म्हणाली, आपल्याकडे खंडोबाची तळी नेमकी कशी भरतात? मी फोनवर शोधलं. व्हिडिओ होते, साहित्याची यादी होती: ताम्हन, विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. काही कमी नव्हतं. तरी खात्रीला म्हणून आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "ते सगळं असू दे. तळी उचलायला आपल्यात पाच जण लागतात. तुम्ही दोघं आणि ते एक कार्टं. बाकीचे कुठून आणणार?" यादीत भंडारा होता, माणसं नव्हती. मी गप्प बसलो. "थांब, कोथरूडला आपला एक आहे, त्याला सांगते. अन् त्याच्या मेव्हण्यालाही धाडते. त्यांच्याशी तू बोलत नाहीस ना? बोल आता."

हे दोघं खरोखर आले. खोबऱ्याच्या वाट्या घेऊन आले.

पूर्वी घराण्याची आठवण पैसे देऊन ठेवायचीही सोय होती आणि अजून आहे. नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि आतून बाड काढून आणतात. तुमचे आजोबा कुणाच्या अस्थी घेऊन आले होते, बरोबर कोण होतं, हे त्यात सापडतं. जुनी पानं मोडीत असली तर वाचून तेच दाखवतात. पण गंमत पुढची आहे. वाचून झालं की बाड तुमच्याकडे सरकवतात: आता तुमच्या मुलाबाळांची नावं घाला. घ्यायला आलेल्या माणसाला काहीतरी ठेवूनच जावं लागतं. फोन असं काही मागत नाही. म्हणजे मागतो भरपूर, पण आपल्याला न कळवता.

विसरण्याच्या बाबतीत तर यंत्र अगदीच अडाणी आहे. गोतावळा निम्मा आठवणींवर चालतो आणि निम्मा विसरण्यावर. जुन्या काळी लग्नात मानपानावरून भांडण व्हायचं, कुणीतरी कुणाला तरी नको ते बोलायचं. दहा वर्षांनी दोन्ही बाजू पुन्हा एका मांडवात आल्या की बोलणारा म्हणायचा, मी असं बोललोच नव्हतो. आणि ज्यांनी शब्द न शब्द ऐकला होता ते वडीलधारे सुपारी कातरत म्हणायचे, "असेल बुवा. आम्हाला नीट आठवत नाही." या एका वाक्यानं महाराष्ट्रातली किती लग्नं पार पडली असतील! आता कुणी 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणालं की समोरचा खिशात हात घालतो. फॅमिली ग्रुपवरचा मेसेज, तारीख, वेळ, दोन निळ्या खुणा आणि खाली मोठ्या वहिनींनी टाकलेला अंगठा. स्क्रीनशॉटला सुपारी कातरता येत नाही.

युरोपात यावर कोर्टकचेरी झाली. स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या घराच्या लिलावाची नोटीस, थकबाकीपायी निघालेली, १९९८ साली वर्तमानपत्रात आली होती. देणं फिटलं, वर्षं गेली, पण गूगलवर त्याचं नाव टाकलं की नोटीस हजर. तो भांडत भांडत वरपर्यंत गेला आणि मे २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला: असा दुवा काढून टाकायला सांगण्याचा माणसाला हक्क आहे. विसरलं जाण्याचा हक्क म्हणून तो खटला जगभर गाजला, आणि पूर्वी ज्या गोष्टीचं कुणाला सोयरसुतक नव्हतं ती आता कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी पाठ करावी लागते. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोर्टात कशाला जायचं? अशा वेळी नवी भानगड काढायची. जुनी लोक आपोआप विसरतात."

सॉक्रेटिसची लिखाणाबद्दल आणखी एक तक्रार होती. लिहिलेल्याला प्रश्न विचारा, ते पुन्हा पुन्हा तेच सांगतं. ती अडचण आता दूर झाली. हल्लीचं यंत्र प्रश्नाला उत्तर देतं, उपप्रश्नालाही देतं, आणि वर तुमचा प्रश्न किती मार्मिक आहे हेही सांगतं. आमच्या घराण्याच्या कुळाचाराबद्दल मी अशाच एका चॅटबॉटला विचारलं, तर त्यानं कलमवार माहिती दिली. आमचं कुलदैवतच बदललं होतं, पण सुरात कुठेही कंप नव्हता. असा ठाम स्वर मी आजवर आत्याचाच ऐकलाय. फरक इतकाच की आत्यानं काही चुकीचं सांगितलं, तर पुढच्या लग्नात तिला तेच तोंड घेऊन पंगतीत बसावं लागतं. ज्याला पंगतीतच बसायचं नाही, त्याच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

आमच्या एका चुलतभावानं यावर तोडगा काढला. आत्या आहे तोवर तिच्या सगळ्या आठवणी रेकॉर्ड करून क्लाउडवर टाकायच्या. तो छोटा माइक, स्टँड, प्रश्नांची यादी असं सगळं घेऊन वाईला गेला, मीही गेलो. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं, पदर सारखा केला, आणि माइकचा दिवा लागताच आकाशवाणीवर बोलावं तसं बोलू लागली. आमचे वडील अत्यंत प्रेमळ होते. आमच्या घरात कधी कुणी मोठ्यानं बोललं नाही. जावाजावा सख्ख्या बहिणींप्रमाणे नांदल्या. चुलतभाऊ मान डोलावत होता. अर्ध्या तासात चार पिढ्या स्वर्गाला गेल्या. मग तिनं भांडंभर पाणी प्यायलं आणि त्या दिव्याकडे बोट करून म्हणाली, "झालं ना? आता ते बंद कर, अन् दार लोटून घे."

त्यानंतर तिनं जे सांगितलं त्यात दोन दत्तकपत्रं, एक विहीर, एक हरवलेली नथ आणि आमचे अत्यंत प्रेमळ आजोबा होते. ते इथे छापता येणार नाही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी येत्या चंपाषष्ठीला आमच्याकडे यावं, आत्या येणार आहे. शिवाय कोथरूडवाल्याचा मेव्हणा यंदा बंगळूरला असल्यामुळे तळी उचलायला आम्हाला एक माणूस कमीच पडतोय.